चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे दिसतात का?

नाही. हा गैरसमज लहानपणी डोक्यात बसतो तो निघता निघत नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात. एरवी चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो. त्यातला आपल्याला किती दिसतो, एवढाच काय तो फरक.

अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावा. हात लांब करून चेंडू डोक्यापेक्षा जरा वर धरा आणि जागच्या जागी हळूहळू गिरकी घ्या. चेंडू दिव्याच्या दिशेला असताना काळा (अमावस्या), दिव्याकडे पाठ केली की पूर्ण उजळ (पौर्णिमा), काटकोनात आलात की अर्धा. चंद्राचं हे चक्र साधारण २९.५ दिवसांचं.

पुढच्या चांद्रमोहिमांचं दुखणंही याच चक्रात आहे. चंद्रावर बहुतेक ठिकाणी एक रात्र आपल्या जवळजवळ १४ दिवसांची. २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेला भारताच्या चांद्रयान-३ मोहिमेचा ‘विक्रम’ लँडर सौरऊर्जेवर चालायचा. रात्रीनंतर तो काही पुन्हा जागा झाला नाही. म्हणून तर सगळ्यांचा डोळा दक्षिण ध्रुवावर! तिथल्या काही उंच कड्यांवर ऊन बराच काळ टिकतं, आणि जवळच्या कायम अंधारलेल्या विवरांत बर्फ आहे.