दोन बोके आणि गादीवरची शू

अरे, दोन बोके भांडतात आणि धाकटा गादीवर शू करतो म्हणतोस, तर आधी त्याला ओरडणं बंद कर, तो सूड वगैरे काही घेत नाहीये. पहिलं काम व्हेटकडे ने आणि युरिन टेस्ट करून घे, बोक्यांना मूत्रमार्गात ब्लॉकेज होतं, सारखा सारखा लिटर बॉक्समध्ये (त्यांच्या शू-शीच्या ट्रेमध्ये) जाऊन बसतोय जोर करतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नकोस, रात्रीच पळ, जिवावर बेततं.

टेस्ट नॉर्मल आली तर मग भांडणाकडे बघ. दोघांत एकच बॉक्स आणि तोही बाल्कनीच्या कोपऱ्यात म्हणतोस, म्हणजे मोठा दारात नुसता बसला तरी धाकट्याची वाट अडली ना! दोन मांजरांना ३ बॉक्स, वेगवेगळ्या जागी, झाकण नसलेले, घमेल्यातही चालतं. रोज साफ.

भिंतीवर शेपूट वर करून पिचकारी मारत असेल तर ते मार्किंग, म्हणजे वासाने आपली हद्द आखणं, नसबंदी झाली नसेल तर ती उरकून टाक, बहुतेकांचं त्याने बरंच कमी होतं.

गादीला एन्झाईम क्लीनर (शूचा वास मुळापासून काढणारं) लाव. फिनाईल अजिबात नको, मांजरांना विषारी असतं.

आणि काही दिवस दोघं वेगळ्या खोल्यांत, एकाच्या वासाचं फडकं दुसऱ्याकडे, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, गुरगुर थांबली की मग दार थोडं किलकिलं. घाई केलीस तर परत पहिल्यापासून. काहींना महिने लागतात, आणि काही फक्त एकमेकांना सहन करतात, तेवढंही पुरे.