त्या ओळीला गप्प राहणाऱ्यास

सोलापूर

चिरंजीवास,
सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' या ओळीला तू गप्प झालास. मी मागच्याच बाकावर होतो. रागावलो नाही. ती ओळ घडाघडा म्हणून मोकळे होणाऱ्या आम्हा बाकीच्यांपेक्षा तुझं गप्प राहणं मला खरं वाटलं.

दादाने तुला न विचारता वडिलांचे चार माग विकले, पैसे ठेवून घेतले. "जाऊ दे, भाऊच आहे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय काढ. राजाने दहा हजार तालांतांचं कर्ज माफ केलेला चाकर बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जन्मभर कारखान्याचे हिशेब लिहिलेला माणूस मी, आधी आकडे बघतो. दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. शंभर दीनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त कमाई. टॉवेल विणणाऱ्याच्या घरात तेवढे बुडाले तर चूल विझते. प्रभूने ती रक्कम किरकोळ म्हटलेली नाही. शेजारी फक्त दुसरा आकडा मांडला: एका तालांताचे सुमारे 6,000 दीनार, म्हणजे एकूण 6 कोटी दिवसांचा रोज. तो चाकर सात जन्मांत फेडणार नव्हता. (सात जन्म आपल्यात नाहीत, पण जीभ सोलापूरची.)

सोडायचं म्हणजे नोंद खोडायची नाही. वसुलीला जायचं थांबायचं. मनातल्या मनात रोज रात्री जातोस ना, तेही. पण येणं सोडलं म्हणून त्याच माणसाला पुन्हा उधारीवर सूत द्यावं, असं शास्त्रात कुठे नाही. बायबलातल्या योसेफाचंच बघ. सतराव्या वर्षी भावांनी त्याला चांदीच्या वीस नाण्यांना विकलं. पुढे तो इजिप्तचा अधिकारी झाला. दुष्काळात ते भाऊ धान्यासाठी दारात आले तेव्हा लगेच गळ्यात पडला नाही. शिमोन या भावाला अडकवून ठेवलं, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत प्याला लपवला, माणसं बदललीत का ते पारखलं. विकल्यापासून मिठी मारेपर्यंत 22 वर्षं गेली. मधे आडोशाला जाऊन रडला, तोंड धुऊन परत आला. मला सगळ्या कथेत ते तोंड धुणं फार आवडतं.

मलाही एका भागीदाराने बुडवलं होतं. चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीचं, ताट त्याच्या हातून येऊ नये म्हणून मी दोन वर्षं जागा बदलून बसलो. तो मात्र निवांत झोपत असे, हे मला फार उशिरा कळलं. एका पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फिरताना त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली, दात-ओठ खात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच करावं लागलं. क्षमा किती वेळा करायची, तर प्रभू म्हणाला सत्तर वेळा सात. ते वेगवेगळ्या अपराधांसाठी असेल. माझे निम्मे तरी एकाच अपराधावर खर्ची पडले.

दादाशी वाटणीचं बोलणं कर, कागद माग, मी सोबत येतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात अपराध करणाऱ्या भावाला खडसवायलाही सांगितलंय. मात्र आईसमोर नको.

येत्या रविवारी त्या ओळीला गप्प राहिलास तरी चालेल, पण माझ्या बाकावर ये. नंतर घरी जेवायलाच थांब. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे.

तुझा,
काका