कायदा तुमच्या दारी : बांध कोरून शेजारी आत आला, आता काय करावं?

प्रश्न : आजोबांनी १९७४ साली रजिस्टर खरेदीखताने घेतलेली जमीन वडिलांच्या पश्चात आम्हा दोघा भावांच्या नावावर आहे. शेजारी दरवर्षी नांगरटीला थोडा थोडा बांध कोरत आला. यंदा त्याने हद्दीचा दगडच उपटला आणि आमच्या चार गुंठ्यांवर सोयाबीन पेरलं. विचारलं तर म्हणतो, "बारा वर्षांची वहिवाट आहे, जमीन आता आमची." पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे. वकील नुसता मनाईचा दावा लावू म्हणतात. मेहुणे म्हणतात, सातबारा नावावर आहे, मग आणखी कशाला काय हवं?

उत्तर : आधी मेहुण्यांचं बघू. सातबारा महसुलासाठीचं दप्तर आहे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढं बळ महसूल संहितेने तिला दिलंय. पण त्या नोंदीने मालकी जन्माला येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितलंय. तुमची मालकी येते ती आजोबांच्या खरेदीखतातून, म्हणून मूळ खत शोधा. तीस वर्षांपेक्षा जुना दस्त योग्य ताब्यातून मूळ स्वरूपात पुढे आला, तर त्यावरच्या सह्या खऱ्या आहेत असं न्यायालय गृहीत धरू शकतं. साक्षीदार आता हयात नसतील, तेव्हा हे फार कामाचं आहे. मूळ हरवलंच असेल तर दुय्यम निबंधकांकडून खरी नक्कल काढा. सोबत खरेदीचा आणि वारसाचा असे दोन्ही फेरफार घ्या. आजोबांपासून तुमच्यापर्यंत साखळी सलग दिसली पाहिजे. शेजाऱ्याचे कागद कच्चे आहेत म्हणून दावा जिंकता येत नाही, स्वतःचे पक्के लागतात.

आता वकिलांचं. ताबा तुमच्याकडे असता आणि शेजारी नुसता डोकावत असता, तर मनाई पुरेशी होती. पण चार गुंठ्यांत त्याचं पीक उभं आहे आणि तो मालकीच सांगतोय. गेलेला ताबा मनाईने परत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली अनाथुला सुधाकर खटल्यात याची फोड केली आहे : मालकीवर खरंच सावट असेल आणि ताबाही गेला असेल, तर मालकीची घोषणा, ताबा आणि जरूर तर मनाई, असं मागावं लागतं. तुमच्या दाव्यात तिन्ही मागण्या घालायला वकिलांना सांगा. दोघे भाऊ वादी व्हा.

बारा वर्षांच्या धमकीला घाबरू नका. अशा वहिवाटीने मालकी मिळवण्याला कायद्यात 'प्रतिकूल ताबा' म्हणतात. तो उघड, सलग आणि मालकाच्या हक्काला नाकारून केलेला असावा लागतो, आणि तो सिद्ध करायचा भार त्याच्यावर आहे. दरवर्षी एक सरी सरकवणाऱ्याला कुठली सरी कुठल्या साली आपली झाली, हे सांगणं जड जाईल! इथे नमुना बाराच्या, म्हणजे सातबाऱ्यातल्या पीकपाण्याच्या भागाच्या, नोंदी उपयोगी पडतात. त्या चार गुंठ्यांत मागची वर्षं तुमचं पीक लागलेलं असेल, तर जुने उतारे काढून ठेवा.

खरी लढाई मात्र मोजणीची आहे. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे हद्द कायम करण्यासाठी अर्ज करा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. मोजणीच्या दिवशी शेजारी आला नाही तरी नोटीस बजावल्याची नोंद जपा, नाहीतर पुढे "मला कळवलंच नाही" हे ऐकायला मिळतं. मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशाच्या 'क' प्रतीवर अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवतात. त्या दोन रेषांमधला पट्टा म्हणजेच तुमचा दावा. दाव्यात गट नंबर, चतुःसीमा आणि हा नकाशा हवाच. शेजाऱ्याने मोजणीवर हरकत घेतली, तर न्यायालयाकडून कोर्ट कमिशनर (जागा पाहून-मोजून न्यायालयाला अहवाल देणारा) नेमून घेता येतो.

दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्जही द्या, म्हणजे निकालापर्यंत तो आणखी पुढे सरकणार नाही. हुकूम मोडला तर मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ताबा गेल्यापासून सहा महिन्यांत दावा लावला तर मालकी न तपासता ताबा परत मिळतो, पण शेजारी मालकीच सांगतोय, म्हणून मी तुम्हाला पूर्ण दाव्याकडेच वळवेन.

आणि रागाच्या भरात ते सोयाबीन उपटू नका. तसं केलंत तर पोलिसांना तो दिवाणी मामला वाटणार नाही.