जेलवर एकच बँड, तरी प्रथिनाचे स्फटिक का बनत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की एसडीएस जेलवर (प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करणारी चाचणी) एकच स्वच्छ बँड दिसतो, तरी स्फटिकांसाठी लावलेल्या प्रत्येक थेंबात नुसता तपकिरी गाळ बसतो. मीही इथेच अडकले होते, आणि चांगले चार महिने.

जेलसाठी आपण नमुना एसडीएस हे डिटर्जंट घालून उकळतो. त्यात प्रथिनाची घडी मोडते आणि एकमेकांना चिकटलेले रेणूही बहुतेक सुटे होतात. म्हणून जेलवरून कळतं ते इतकंच, की नळीत दुसरं प्रथिन फारसं नाही. आहे ते सुटं आहे की गोळे होऊन बसलंय, हे जेलला कळतच नाही.

माझं प्रथिन शेवटी सुपरडेक्स 200 कॉलमवर चढवलं (सच्छिद्र मण्यांनी भरलेली नळी, तिच्यातून मोठे रेणू आधी बाहेर येतात), तर सगळ्यात उंच पीक आठ मिलिलिटरच्या आसपास आलं. 24 मिलिलिटरच्या कॉलमवर तो व्हॉइड, म्हणजे मण्यांच्या छिद्रांत न शिरता बाहेरूनच निघून गेलेला माल. त्याच फ्रॅक्शनचं, म्हणजे तेव्हा गोळा केलेल्या भागाचं, जेल काढलं तर पुन्हा तोच देखणा एकटा बँड! मग 260 आणि 280 नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर पाहिलं. शुद्ध प्रथिनाचं साधारण 0.6 असतं, माझं 1.1 निघालं. प्रथिनाला न्यूक्लिक ॲसिड (डीएनए किंवा आरएनए) चिकटलं होतं. पुढच्या खेपेला आधीच्या ॲफिनिटी कॉलमवरच (जो आपलंच प्रथिन धरून ठेवतो) 1 मोलर मिठाने धुतलं आणि पीक व्हॉइडमधून सरकून जागेवर आलं. हे गुणोत्तर बघायला एक मिनिट लागतं. मी ते पहिल्या दिवशी बघितलं नाही, याचा अजून राग येतो.

कॉलमनंतर डीएलएस करा (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारी चाचणी), पण आधी नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून घ्या. लहान कणांचं विखुरणं त्रिज्येच्या सहाव्या घातात वाढतं, म्हणजे दहापट मोठा एक कण दहा लाखपट चमकतो. दोन-चार धूलिकणांनी आलेख बिघडला म्हणून चांगला नमुना फेकू नका.

बफर (प्रथिन ठेवायचं द्रावण) निवडायला थर्मल शिफ्ट: सिप्रो ऑरेंज हा उलगडलेल्या प्रथिनाला चिकटून चमकणारा रंग घालून प्लेट तापवायची आणि वितळण्याचं तापमान ज्या बफरमध्ये वर जाईल तो उचलायचा. प्रथिन पेशीच्या पटलातलं (म्हणून डिटर्जंटमध्ये ठेवलेलं) असेल तर हा रंग डिटर्जंटलाच चिकटतो, तिथे ट्रिप्टोफॅनची स्वतःची चमक मोजणारी पद्धत घ्या. प्रथिनाची शेपूट कापली गेल्याचा संशय असेल तरच मास स्पेक, म्हणजे रेणूचं नेमकं वस्तुमान मोजणं.

आणि डीएलएस थेंब लावायच्या दिवशीच करा, फ्रीझरमधून काढून वितळवलेल्या त्याच नळीवर. माझे गोळे दुसऱ्यांदा झाले ते गोठवताना.