‘काही लागलं तर सांग’ असं तिला म्हणू नकोस

पत्र आलंय नाशिकहून, थोडक्यात असं: मैत्रिणीच्या लहान भावाला (वय २६) दोन महिन्यांपासून झोप नाही, बातम्यांमधली बाई आपल्याबद्दलच बोलते म्हणून त्याने टीव्हीचा प्लग काढून लपवून ठेवलाय, मागच्या आठवड्यात त्याला ॲडमिट केलं. मैत्रीण फोन उचलत नाही, मेसेजला नुसतं ‘ठीक आहे’. आणि ही विचारतेय, ताई, मी लुडबुड तर करत नाहीये ना?

अगं, नाही करत आहेस. पण तू पाठवलेले मेसेज मी वाचले ना, सगळ्यात एकच वाक्य, ‘काही लागलं तर नक्की सांग’. आता विचार कर, जिची आई रात्रभर दाराशी खुर्ची लावून बसतेय ती तुला काय सांगणार, की ये आणि आमच्या घरचे कपडे इस्त्रीला नेऊन दे? नाही सांगणार, कुणीच नाही सांगत. माझा काका आजारी होता तेव्हा घरी ढीगभर माणसं येऊन गेली, ‘कुणाची नजर लागली का’ विचारून गेली, पण माझ्या आईच्या लक्षात राहिल्या त्या शेजारच्या काकू, दर गुरुवारी निवडलेली मेथी दारात ठेवायच्या आणि बेल वाजवून निघून जायच्या. आत यायच्याच नाहीत.

तेव्हा विचारू नकोस, कळव. ‘बुधवारी साडेसातला डबा आणतेय, तू खाली पण येऊ नकोस, वॉचमनकडे ठेवते.’ मेसेजच्या शेवटी ‘रिप्लाय नको’ लिही, तेवढ्यानेही तिला बरं वाटेल बघ. ओपीडीत केसपेपरच्या रांगेत उभं राहायला कुणीतरी लागतंच, ते तू कर. त्यांच्या मेडिक्लेमचे कागद मागून घे आणि तूच नीट वाच, कारण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे की विमा कंपनीने मानसिक आजार बाकी आजारांसारखाच धरायचा, आणि हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं, खर्च गपचूप खिशातून होतो.

तू लिहिलंयस की तिच्या मावशीने ‘सही करून पोराला आत टाकलं’ असं ऐकवलं आणि तेव्हापासून ती रडतेय. मावशीशी भांडू नकोस, पण मैत्रिणीला हे सांग: आता तसं कायमचं आत टाकता येतच नाही. पेशंट तयार नसला तर त्याच्या वतीने जवळच्याने अर्ज करायचा, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, आणि तेही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. तिने भावाला टाकलेलं नाहीये, दवाखान्यात नेलंय.

निदान काय, गोळ्या कुठल्या, ते विचारू नकोस. गोळ्यांना नीट लागू पडायला काही आठवडे जातात, त्यामुळे ‘अजून फरक नाही का गं’ हा प्रश्न तर अजिबात नको. कॉलेजच्या ग्रुपवर कुणी विचारलं तर ‘ती बिझी आहे’ एवढंच, तुझ्या नवऱ्यालासुद्धा तिला विचारल्याशिवाय सांगू नकोस (सांगितलंयस बहुतेक, असो).

एक मात्र पक्कं लक्षात ठेव. भाऊ, किंवा ती स्वतः, जीव नकोसा झालाय असं बोलायला लागलं तर तिथे डबा पुरत नाही. लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन, माणसाला एकटं सोडायचं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सेव्ह कर, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. नुसतं घाबरून गेलीस तरी कर फोन, पेशंटनेच करावा असं काही नाही.

आणि खरी गरज तो घरी आल्यावर लागेल. आत्ता सगळे फोन करतायत, दोन महिन्यांनी कुणी करणार नाही. तेव्हा तुझा बुधवार चालू ठेव.

हां, डबा स्टीलचा नको नेऊस. आपल्याकडे रिकामा डबा परत द्यायचा नसतो ना, ती बिचारी त्यात घालायला लाडू वळत बसेल. आइस्क्रीमचा जुना डबा ने आणि सांग, फेकून दे.

– ताई