करिअर मार्गदर्शन : संग्रहालयात काम तरी काय असते?

प्रश्न : माझी मुलगी इतिहास घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्राचीन इजिप्तच्या वस्तू असलेल्या संग्रहालयात काम करायचे तिने मनावर घेतले आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तू एकदा कपाटात मांडल्या की तिथे काम ते काय उरणार? – एक पालक, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

वस्तू त्याच राहतात हे खरे. दालने मात्र बदलत असतात, आणि आपल्या मुलीला काम मिळाले तर ते या बदलांतूनच मिळेल. इटलीत तुरीनला केवळ इजिप्तला वाहिलेले संग्रहालय आहे. चित्रपटांचे कलादिग्दर्शक दान्ते फेर्रेत्ती यांनी २००६ मध्ये तिथले पुतळ्यांचे दालन अंधार, आरसे आणि प्रकाशझोत वापरून एखाद्या नाट्यप्रवेशासारखे सजवले होते. संग्रहालयाच्या द्विशताब्दीनिमित्त २०२४ मध्ये तो सारा थाट उतरवून खिडक्या खुल्या केल्या गेल्या आणि पुतळे पुन्हा दिवसाच्या उजेडात आले. पाषाणाला उजेड मानवतो. पपायरसला (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाला) आणि रंगीत कापडाला मात्र साधारण ५० लक्सपलीकडे (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) तो सोसत नाही, म्हणजे खिडकी उघडायची की नाही, हे सांगायलाही जाणकार लागतो.

इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे जिच्यामुळे सुटले, त्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील रोझेटा शिळेवरची अक्षरे ठळक दिसावीत म्हणून त्यांत पांढरा रंग भरला होता आणि वर मेण चढवले होते, त्यामुळे शिळा काळीकुट्ट वाटे. १९९९ च्या सफाईत तिचा मूळ करडा रंग आणि वरच्या कोपऱ्यातील गुलाबी शीर उघडी पडली. खालचा एक लहानसा कोपरा मात्र आधीचे रूप कळावे म्हणून मुद्दाम न पुसता ठेवला आहे. माझ्या मते या क्षेत्राची वृत्ती त्या कोपऱ्याइतकी दुसरे काहीच सांगत नाही.

नोकऱ्यांबाबत स्पष्टच लिहितो : भारतात केवळ इजिप्तच्या भरवशावर पोट भरणे अवघड आहे. म्हणून तिने आधी संग्रहालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्यावी. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग जुना आणि नावाजलेला आहे, शिवाय त्याच शहरातील संग्रहालयात इजिप्शियन ममीही आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०२३ मध्ये भारतीय शिल्पांसोबत इजिप्तची शिल्पे मांडली होती. अशा प्रदर्शनांत इथल्या प्रशिक्षित माणसांना वाव असतो. तिचा ओढा मांडणीपेक्षा जतन-संवर्धनाकडे असेल, तर रसायनशास्त्राची तोंडओळख तिने याच वर्षी सुरू करावी आणि प्रवेशाची पात्रता अर्ज करण्यापूर्वी विभागाकडूनच विचारून घ्यावी.