युनिट पुरतील, डीपीचं काय?

(या महिन्याच्या पत्रांत इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांविषयीचे प्रश्न सर्वाधिक होते. उत्तरं देत आहेत वीज वितरणात आयुष्यभर काम केलेल्या एक निवृत्त अभियंता.)

प्रश्न : आमचा पेट्रोल पंप वडिलांच्या काळापासूनचा आहे. धाकटा भाऊ म्हणतो, इलेक्ट्रिक गाड्यांमुळे पाच वर्षांत धंदा बसेल, आत्ताच विकून मोकळं होऊ. पेट्रोलचा खप खरंच इतक्या झपाट्याने उतरेल का?

पाच वर्षांचा हिशेब मला घाईचा वाटतो. शोरूममध्ये काय विकलं जातं आणि रस्त्यावर काय धावतं, यात बरंच अंतर असतं. नॉर्वेत २०२४ साली विकलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के पूर्णपणे विजेवरच्या होत्या. तरी रस्त्यावरच्या इलेक्ट्रिक मोटारी पेट्रोल मोटारींच्या पुढे गेल्या त्या त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, त्याही जेमतेम. डिझेल मोटारी तर तेव्हाही सर्वांत जास्त होत्या. आज विकली गेलेली पेट्रोल गाडी पुढची दहा-पंधरा वर्षं कुठल्या ना कुठल्या पंपावर येत राहणार.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये इलेक्ट्रिक वाहनांमुळे जगात रोज १३ लाख बॅरलहून अधिक तेल वाचलं. जगाचा रोजचा खप १० कोटी बॅरलच्या वर आहे, म्हणजे ही बचत शंभरात एक-सव्वा. पण भावाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण घट सगळीकडे सारखी येत नाही. दुचाकी, टॅक्सी, ऑफिसला नेण्या-आणण्याच्या गाड्या आधी विजेवर जातात. लांब पल्ल्याचे ट्रक सर्वांत शेवटी. तेव्हा तुमच्या पंपावर पेट्रोल जास्त जातं की डिझेल, हे आधी वहीत पाहा.

पेट्रोलचा खप उतरला आणि डिझेलचा टिकला, तर खरी कोंडी रिफायनरीची, म्हणजे कच्चं तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्याची आहे. १५९ लिटरच्या एका बॅरलमधून पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन, गॅस, नॅफ्था, डांबर हे सगळं एकत्रच निघतं. पेट्रोल नको आणि डिझेल तेवढं द्या, असं कच्च्या तेलाला सांगता येत नाही. प्रमाण थोडंफार बदलता येतं, पण त्यासाठी मोठी यंत्रसामग्री नव्याने उभारावी लागते.

प्रश्न : माझी गाडी हायब्रिड आहे. मग मी पेट्रोल वाचवते आहे की विजेवरचा बोजा वाढवते आहे?

हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही असतात. प्लग नसलेली, म्हणजे बाहेरून चार्ज न होणारी हायब्रिड असेल तर विजेवर शून्य बोजा. तिची बॅटरी इंजिन आणि ब्रेक यांच्यावरच भरते, म्हणजे सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलचीच. वर्षाला १२,००० किलोमीटर धरा. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी ८०० लिटर पिते, २२ देणारी हायब्रिड साधारण ५४५. वाचले २५५ लिटर. विजेवरची गाडी सगळे ८०० वाचवते. म्हणजे तीन हायब्रिड मिळून एका इलेक्ट्रिक गाडीएवढं काम करतात. प्लगवाली हायब्रिड मात्र मालकाच्या सवयीवर चालते. युरोपीय आयोगाने गाड्यांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा अशा गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीनपट निघालं. लोक प्लग लावतच नव्हते, किंवा फार कमी लावत होते.

प्रश्न : सगळ्यांनीच इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या तर वीज पुरेल का?

हा प्रश्न मला नोकरीत असल्यापासून विचारला जातो, आणि दर वेळी मला वाटतं की काळजी बरोबर आहे, जागा चुकते आहे. विजेवरची मोटार वर्षाला साधारण २,००० युनिट खाते. जगातल्या १०० कोटी मोटारी विजेवर आल्या असं धरलं, तर २ लाख कोटी युनिट लागतील. जगाची वार्षिक वीजनिर्मिती ३० लाख कोटी युनिटच्या वर आहे. बदल वीस-पंचवीस वर्षांत पसरून होणार असेल, तर ही वाढ पेलणारी आहे.

अडचण गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे. १०० केव्हीएच्या, म्हणजे फार तर १०० किलोवॉट पेलणाऱ्या रोहित्रावर चाळीस घरं आहेत असं समजा. संध्याकाळी दिवे, पंखे, टीव्ही, एखादा एसी मिळून साठ-सत्तर किलोवॉट लोड असतो. त्यात दहा जण कामावरून घरी येऊन एकाच वेळी ७ किलोवॉटचा चार्जर लावतात. आणखी सत्तर. आणि वाईट म्हणजे हा लोड तासन् तास हलत नाही. मिक्सर दोन मिनिटांत बंद होतो, चार्जर होत नाही. रोहित्रातलं तेल रात्री थंड होतं, त्यावरच आतल्या इन्सुलेशनचं आयुष्य टिकतं. ती रात्रीची विश्रांती गेली की उन्हाळ्यात डीपी जळाली म्हणून फोन सुरू होतात. हे फोन मी घेतलेले आहेत, आणि अंधारात बसलेल्या माणसाला देशात वीज भरपूर आहे हे सांगून उपयोग नसतो.

प्रश्न : मग सगळ्यांनी मध्यरात्रीचा टायमर लावला तर?

संध्याकाळपेक्षा नक्कीच बरं. पण स्वस्त दर बाराला सुरू होतो आणि सगळे टायमर बाराच्या ठोक्याला लागले, तर डीपीवर तोच धक्का मध्यरात्री बसतो. म्हणून ब्रिटनने ३० जून २०२२ पासून नव्या घरगुती चार्जरमध्ये अशी सोय सक्तीची केली की प्रत्येकाने ठरलेल्या वेळेनंतर शून्य ते दहा मिनिटांत कधीतरी, आपापल्या क्षणी सुरू व्हावं. खर्च जवळजवळ काही नाही, फायदा मोठा. हा नियम सगळीकडे यावा असं मला मनापासून वाटतं. आणि जिथे सौर वीज भरपूर आहे तिथे दुपार रात्रीपेक्षाही चांगली. त्यासाठी चार्जर कामाच्या ठिकाणी हवेत.

प्रश्न : ७ किलोवॉटचा चार्जर बसवतो आहे. वीज कंपनीला कळवायलाच हवं का?

हो. मंजूर भार, म्हणजे कंपनीने तुमच्या जोडणीला दिलेली किलोवॉटची मर्यादा, वाढवून घ्या. तुम्ही कळवलं नाही तर त्या डीपीवर किती गाड्या आहेत हे कंपनीला डीपी जळाल्यावरच समजतं. त्याआधी स्वतःचं रोजचं अंतर मोजा. ४० किलोमीटरला सात युनिट लागतात, ३.३ किलोवॉटचा लहान चार्जर ती सव्वादोन तासांत भरून देतो. बहुतेक घरांना तेवढा पुरतो, घरातलं बाकीचं वायरिंगही बदलावं लागत नाही. फक्त त्याला स्वतंत्र सर्किट आणि चांगलं अर्थिंग द्या.